पोर्शे ९११ आणि जर्मनीतला हिवाळा: पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शक

नोकरीनिमित्त स्टुटगार्टला येऊन स्थिरावलेल्या मराठी मंडळींपैकी काहींच्या दारात कधी ना कधी ९११ येते. बहुतेकदा जुनी, ९९७ किंवा ९९१ या पिढीतली. गाडी वसंतात घेतली जाते, उन्हाळाभर मनसोक्त चालवली जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटी, पहाटे काचेवर पहिला बर्फाचा थर दिसला की प्रश्न पडतो: आता हिचं काय करायचं? शेजारी सांगतो गॅरेजमध्ये झाकून ठेव. ऑफिसातला सहकारी सांगतो वर्षभर चालव. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण नवख्या माणसाला त्याने काहीच कळत नाही.

माझं मत आधीच सांगतो. गाडी चांगल्या स्थितीत असेल आणि रोजचा रस्ता अगदी डोंगरातला नसेल, तर चालवा. ही गाडी याच हवेत, याच रस्त्यांवर घडलेली आहे. १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं ९११ ने माँटे कार्लो रॅली जिंकली, आणि ती रॅली जानेवारीत, बर्फाळ घाटांतून होते. मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. रबर, ऑइल, ब्रेक, बॅटरी, प्रत्येकाला काम करायला आपापलं तापमान लागतं. साध्या गाडीत या सगळ्यांना थोडी मोकळीक दिलेली असते. स्पोर्ट्स कारमध्ये ती फार कमी असते. कोणता भाग किती गार आहे याचं भान ठेवलंत तर खाली लिहिलेलं बरंचसं तुम्हाला आपोआप सुचेल.

आधी ठरवा: चालवायची की ठेवायची

काही गाड्या ठेवलेल्याच बऱ्या. जीटी३ सारखी अगदी खाली बसलेली आणि ट्रॅकसाठीचे टायर घातलेली गाडी, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची जुनी ९११, किंवा घरी रोजच्या वापराला दुसरी गाडी असेल तर हट्ट कशाला करायचा? जर्मनीत त्यासाठी मोसमी नंबर प्लेट मिळते. वर्षातले दोन ते अकरा महिने निवडायचे, ते प्लेटवरच छापलेले असतात, आणि टॅक्स-इन्शुरन्स त्या महिन्यांपुरताच भरायचा. बरेच जण एप्रिल ते ऑक्टोबर निवडतात. यातली अट नवख्यांच्या लक्षात येत नाही: मुदतीबाहेरच्या महिन्यांत गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता तर येत नाहीच, उभीही करता येत नाही. म्हणजे स्वतःची किंवा भाड्याची बंदिस्त जागा हवीच.

ठेवणार असाल तर गाडी धुऊन पूर्ण कोरडी करा, टाकी भरून ठेवा, टायरमधली हवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत थोडी वाढवा म्हणजे एका जागी उभं राहून टायर चपटे पडणार नाहीत, आणि बॅटरीला मेंटेनन्स चार्जर लावा. मध्येच येऊन पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करण्याची सवय अनेकांना असते. ती सोडा. तेवढ्या वेळात ऑइल तापत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये साचून राहतं. मोसमी प्लेट नसेल आणि चालू करायचीच असेल तर अर्धा तास तरी फिरवून आणा, नाहीतर मार्चपर्यंत हातच लावू नका.

यापुढचं सगळं चालवणाऱ्यांसाठी.

टायर: इथे पैसे वाचवू नका

उन्हाळी टायरचं रबर गरम डांबरावर चिकटावं म्हणून बनवलेलं असतं. गारठ्यात ते कडक होतं. रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात रबर रुतलं तरच पकड मिळते, आणि कडक रबर रुतत नाही. म्हणून रस्ता पूर्ण कोरडा असला, बर्फाचा कणही नसला, तरी उणे दोन अंशात उन्हाळी टायरवर ९११ घसरते. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की टायर बदलावेत असा इथे सर्वसाधारण संकेत आहे. तो अंदाज आहे, काटेकोर रेषा नाही, पण स्पोर्ट्स कारच्या मालकाने तो जरा कडकच पाळावा. मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ सारखे टायर तर वेगळीच काळजी मागतात: कडक थंडीत त्यांच्या रबराला तडे जाऊ शकतात, त्यामुळे ते गारठलेल्या शेडमध्ये नुसते ठेवणंही धोक्याचं.

कायदा काय म्हणतो? जर्मनीत हिवाळी टायर अमुक तारखेपासून सक्तीचे असं नाही. सक्ती परिस्थितीनुसार आहे: रस्त्यावर बर्फ, दाबून कडक झालेला बर्फ, पाणचट बर्फ किंवा हिमाचा थर असेल तर हिवाळी टायर असलेच पाहिजेत. ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ ही लोकांनी लक्षात ठेवायला सोपी केलेली मुदत आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण काढलेलं चिन्ह असेल तरच तो टायर हिवाळी धरला जातो. नुसतं ‘एम+एस’ लिहिलेले जुने टायर आता चालत नाहीत. जुनी गाडी घेताना मालक ‘विंटर सेट फुकट देतो’ म्हणाला तर सर्वांत आधी हे चिन्ह शोधा. नियम मोडला तर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या नोंदीत एक पॉइंट, वाहतुकीला अडथळा किंवा अपघात झाला तर १२० युरोंपर्यंत. गाडी दुसऱ्याला चालवायला दिली असेल तर मालकालाही वेगळा दंड होतो. खरा फटका मात्र इन्शुरन्सचा. चुकीच्या टायरवर अपघात झाला तर कंपनी निष्काळजीपणा दाखवून तुमच्या गाडीची भरपाई कापू शकते, आणि या गाडीच्या एका मागच्या पॅनेलच्या बिलापुढे टायरची किंमत काहीच नाही.

आता निवड. पोर्शेने स्वतः तपासून मान्यता दिलेल्या टायरवर ‘एन’ अक्षर आणि त्यापुढे आकडा असतो, उदाहरणार्थ ‘एन०’. मिशेलिन पायलट अल्पिन आणि पिरेली सोत्तोझेरो या मालिकांमध्ये ९११ च्या मापांचे असे टायर मिळतात. पुढे एक आणि मागे दुसऱ्याच कंपनीचा टायर कधीही घालू नका. ९११ मध्ये मागचे टायर पुढच्यांपेक्षा खूप रुंद असतात आणि गाडीचा तोल या जोडीवरच बसवलेला आहे.

माप शक्य तितकं अरुंद घ्या. उन्हाळ्यात रुंद टायर देखणा आणि उपयोगी असतो. पाणचट बर्फात तोच टायर वर तरंगतो, कारण रुंद पट्ट्याखालचं पाणी आणि बर्फ बाजूला ढकलायला वेळ लागतो. अरुंद टायर थर कापून खाली जातो. त्यामुळे तुमच्या मॉडेलला परवानगी असलेल्या मापांत एक इंच लहान रिम आणि जरा जास्त उंच टायर बसत असेल तर तोच सेट घ्या. खड्ड्यात रिम वाकण्याचा धोकाही कमी होतो. परवानगी कोणत्या मापांना आहे ते मॅन्युअलमध्ये आणि गाडीच्या सीओसी कागदावर (निर्मात्याचं अनुरूपता प्रमाणपत्र) लिहिलेलं असतं. मोठ्या ब्रेकच्या मॉडेलवर लहान रिम ब्रेक कॅलिपरला घासू शकते, म्हणून नुसतं ‘९११ चं आहे’ एवढ्यावर सेकंडहँड सेट उचलू नका. चमकदार पॉलिश केलेल्या रिमा हिवाळ्यासाठी नकोतच. मीठ लॅकरखाली शिरलं की अॅल्युमिनियमवर पांढरी बुरशी आल्यासारखे डाग पडतात.

हिवाळी टायरची वेगमर्यादा गाडीच्या टॉप स्पीडपेक्षा बहुधा कमी असते: ‘व्ही’ म्हणजे २४० किमी, ‘डब्ल्यू’ म्हणजे २७०. हे कायदेशीर आहे, पण मर्यादा लिहिलेला स्टिकर ड्रायव्हरच्या नजरेसमोर लावावा लागतो. टायर विकणारा तो देतो.

नक्षीची खोली कायद्याने १.६ मिमी असली तरी चालते. एडीएसी ही इथली वाहनचालकांची संघटना ४ मिमी सुचवते, आणि ऑस्ट्रियात तर ४ मिमीपेक्षा कमी नक्षीचा टायर हिवाळी मानतच नाहीत. स्टुटगार्ट-म्युनिकच्या माणसाला शनिवार-रविवारी ऑस्ट्रियात जायला वेळ लागत नाही, तेव्हा ४ हाच आकडा धरा. वयही बघा. टायरवर ‘डीओटी’ च्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात: ३८२३ म्हणजे २०२३ सालातला ३८ वा आठवडा. जुनी ९११ वर्षाला थोडीच चालते, त्यामुळे नक्षी भरपूर आणि रबर मात्र दगडासारखं, असे टायर या गाड्यांवर नेहमी दिसतात. सहा वर्षांच्या पुढचा हिवाळी टायर नक्षी कितीही असली तरी घेऊ नका.

चाकं बदलून घ्यायची अपॉइंटमेंट सप्टेंबरातच काढा. पहिला बर्फ पडल्यावर सगळं शहर गॅरेजात उभं असतं. नव्या सेटमध्ये हवेच्या दाबाचे सेन्सर आहेत ना ते विचारा. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायला सांगा आणि साधारण ५० किमी चालल्यावर पुन्हा तपासून घ्या. मधोमध एकच मोठी नट असलेली सेंटर-लॉक चाकं असतील तर त्या कामाचा सराव असलेल्याच जागी जा. हवा घरी सकाळी, टायर गार असताना तपासायची. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण ०.१ बारने उतरतो, त्यामुळे ऑक्टोबरात बरोबर भरलेला टायर जानेवारीत कमी दाबावर असतो. काढलेला उन्हाळी सेट ठेवायला घरी तळघर नसेल तर टायरवाले मोसमाचं भाडं घेऊन तो सांभाळतात.

निघण्याआधी

बॅटरी थंडीत कमी ताकद देते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे स्टार्टरला जास्त ताकद लागते. आठवड्यातून एकदाच चालणाऱ्या गाडीला चार्जर लावून ठेवणं हाच सोपा उपाय. बॅटरी लिथियमची असेल, आणि पोर्शे २०१० पासून काही मॉडेलांत तशी बॅटरी देत आली आहे, तर चार्जरही लिथियमचाच हवा. ९९७ किंवा ९९१ असेल तर आणखी एक गोष्ट आधीच शिकून ठेवा. बॅटरी पुढच्या झाकणाखाली आहे आणि ते झाकण विजेवर उघडतं. बॅटरी पूर्ण उतरली की झाकणच उघडत नाही. त्यासाठी ड्रायव्हरच्या पायाजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये बाहेर ओढता येणारं एक टर्मिनल दिलेलं आहे. तिथे बाहेरून वीज दिली की झाकणाचं कुलूप सुटतं. मॅन्युअलमधलं ते पान उणे आठ अंशात पहिल्यांदा वाचायची वेळ येऊ देऊ नका.

९९६ पासून (ही ९९७ च्या आधीची पिढी) ९११ च्या दाराच्या काचेला फ्रेम नाही. दार उघडताना काच थोडी खाली सरकते आणि मग रबरातून सुटते. रबर गोठलं असेल तर काच सरकत नाही, आणि जोरात ओढलं तर रबर फाटतं किंवा काचेच्या मोटरवर ताण येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला दाराच्या सगळ्या रबरांना सिलिकॉनची काडी फिरवा. अडकलंच तर दार बाहेरून आत दाबा, कडेचा बर्फ मोडू द्या, मग हळू उघडा. गरम पाणी ओतू नका. काचेला तडा जाऊ शकतो आणि तेच पाणी दहा मिनिटांत पुन्हा गोठतं.

काच पूर्ण खरवडा. बघण्यापुरती खिडकी करून निघणाऱ्याला दंड आहे, आणि या गाडीतून तसंही कमीच दिसतं. छतावरचा बर्फ झाडून टाका, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो पुढच्या काचेवर येतो. मागच्या झाकणाची जाळी आणि स्पॉयलर विसरू नका: इंजिनाला हवा तिथूनच मिळते, आणि स्पॉयलरच्या फटीत बर्फ गोठला असेल तर वेग वाढल्यावर तो वर उचलला जात नाही. एलईडी दिवे फारसे तापत नाहीत, त्यांच्यावरचा बर्फ आपोआप वितळत नाही, तेही पुसा. वायपरच्या टाकीत उणे वीसचं पाणी हवं. उन्हाळ्यातलं साधं पाणी आधी फवारून संपवायचं आणि मगच नवं भरायचं, नाहीतर दोन्ही मिसळून उणे पाचलाच गोठतं.

बुटांच्या तळाचा बर्फ आत बसण्याआधी झटका. पेडलवर ओला तळवा घसरतो, आणि या गाडीत पाय किंचित घसरला तरी त्याचे परिणाम मोठे असतात.

इंजिन चालत्या गाडीतच गरम करा

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून काच खरवडायला जर्मनीत मनाई आहे, दंड ८० युरो. तांत्रिकदृष्ट्याही ते चुकीचंच आहे. आयडलवर इंजिन फार हळू तापतं, आणि गार सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल जादा पेट्रोलने धुऊन निघतं. चालू करा, काही सेकंदांत ऑइलचा दाब स्थिरावला की सौम्यपणे निघा.

पुढचे १५-२० किमी हाच खरा संयमाचा भाग आहे. पाण्याचा काटा लवकर जागेवर येतो आणि माणूस फसतो. ऑइलचा काटा वेगळा आहे, तो बघा. ऑइल ८० अंशांपर्यंत येईतो ३,००० आरपीएमच्या पुढे जाऊ नका आणि ॲक्सिलरेटर अर्ध्याहून जास्त दाबू नका. गार इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर एकाच गतीने प्रसरण पावत नाहीत. पहिल्या पिढीच्या ९९७ मध्ये, विशेषतः ३.८ लिटरच्या इंजिनात, सिलिंडरच्या भिंतीला ओरखडे पडण्याचा आजार मालकांच्या चांगलाच ओळखीचा आहे, आणि गार इंजिनाला दिलेला जोर त्याला पोषक ठरतो. तुमचं ऑफिस घरापासून चार किमीवर असेल तर जानेवारीत त्या अंतरासाठी ही गाडी काढूच नका. ट्राम घ्या, आणि शनिवारी गाडीला तासभर नीट फिरवून आणा.

गिअरबॉक्सचं ऑइलही गार असतं. मॅन्युअल गिअरची जुनी गाडी दुसऱ्या गिअरला सकाळी अडखळते; जबरदस्ती न करता क्षणभर थांबून गिअर टाका.

ब्रेक

मिठाच्या ओल्या रस्त्यावरून बराच वेळ ब्रेक न लावता गेलं की डिस्कवर मिठाचा पातळ थर बसतो. मग पहिल्या ब्रेकला क्षणभर काहीच होत नाही. ऑटोबानवर १२० च्या वेगात तो क्षण फार लांब असतो. म्हणून मागे कोणी नाही हे आरशात बघून अधूनमधून हलका ब्रेक लावत जा. पोर्शेने २००१ मध्ये आणलेल्या सिरॅमिक डिस्क गंजत नाहीत, पण ओल्या आणि गार असताना त्यांची पहिली पकड पोलादी डिस्कपेक्षा चांगली असेल असं समजू नका. त्यांनाही तापवावं लागतं.

गाडी धुतल्यावर लगेच उभी करू नका. थोडं फिरून, हलके ब्रेक लावून डिस्क कोरड्या करा. ओले पॅड रात्रीत डिस्कला चिकटून गोठतात. सपाट जागी, मॉडेलमध्ये तशी सोय असेल तर, गाडी गिअरमध्ये किंवा ‘पी’ मध्ये ठेवा आणि हँडब्रेक सोडून ठेवा.

रस्त्यावर

९११ चं साठ टक्क्यांहून थोडं जास्त वजन मागच्या चाकांवर असतं, कारण इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे आहे. याचा फायदा पहिल्याच दिवशी कळतो. चढावर इतर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या चाकं फिरवत उभ्या असतात आणि तुमची गाडी शांतपणे निघते. धोकाही इथेच आहे. निघायला जितकी पकड मिळते तितकीच थांबायला आणि वळायला मिळेल असं मन समजून चालतं. पुढची चाकं हलकी आहेत. गुळगुळीत रस्त्यावर स्टिअरिंग वळवलं तरी गाडी आधी सरळच जाऊ बघते. कॅरेरा ४ मधली चारचाकी ताकद निघताना आणि वळणातून बाहेर पडताना मदत करते. थांबताना तिचा काही उपयोग नाही.

म्हणून क्रम पक्का करा. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. मग ब्रेक पूर्ण सोडून स्टिअरिंग हळू वळवायचं. वळणात ॲक्सिलरेटर अगदी हलका, एकसारखा दाबलेला ठेवायचा. आणि घाबरून तो एकदम सोडायचा नाही. ही या गाडीची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे. ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि मागे लोंबणारं जड इंजिन गाडीला फिरवून टाकतं. कोरड्या रस्त्यावर आधुनिक ९११ हे सहन करते. बर्फावर ती तुम्हाला तेवढा वेळ देत नाही.

आपल्यापैकी अनेक जण गाडी सह्याद्रीच्या घाटांत, पावसात शिकले. तो अनुभव इथे कामाला येतो: पुढचं वळण वाचणं, पाण्याची चकाकी ओळखणं, अंतर ठेवणं. एक सवय मात्र बदलायला हवी. ताम्हिणी उतरताना आपण खालचा गिअर टाकतो आणि इंजिनाला गाडी धरायला लावतो. बर्फावर खालचा गिअर झटक्याने टाकला तर मागची चाकं एकदम मंदावून घसरतात, हँडब्रेक ओढल्यासारखी. उताराला लागण्याआधीच सपाटीवर योग्य गिअर निवडा, क्लच हळू सोडा, आणि पीडीके (पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर ते साध्या ऑटोमॅटिक मोडमध्येच राहू द्या. स्पोर्ट मोड हिवाळ्यात विसरा. त्यात ॲक्सिलरेटर जास्त तीक्ष्ण होतो आणि गिअर खालचे धरले जातात. ९९१ नंतरच्या ९९२ या पिढीत ओल्या रस्त्यासाठीचा वेट मोड आहे. पुढच्या चाकांच्या कमानीतले सेन्सर उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून तो सुचवतात, पण चालू तुम्हालाच करावा लागतो. सूचना आली की करा.

पीएसएम, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, चालूच ठेवा. गाडी खोल बर्फात रुतली असेल आणि चाकांना जरा फिरू द्यायचं असेल तेवढ्यापुरती ती बंद करा, बाहेर आल्यावर लगेच चालू करा. पुढचं टोक घसरत असेल तर स्टिअरिंग आणखी वळवायचा मोह आवरा, उलट थोडं कमी करा म्हणजे टायर पुन्हा धरतील. मागचं टोक सुटलं तर जिथे जायचंय तिकडे बघा, स्टिअरिंग तिकडे द्या आणि ब्रेकवर उडी मारू नका. समोर अडथळाच आला तर मात्र पूर्ण ताकदीने ब्रेक दाबा आणि दाबूनच ठेवा. पायाला जाणवणारी थरथर एबीएसची आहे.

पकड किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही. निघाल्यावर मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे कोणी नसताना ३० च्या वेगात एकदा ब्रेक नीट दाबून बघा. गाडी लगेच थांबली की एबीएस थरथरत पुढे गेली, त्यावरून त्या सकाळचा रस्ता कळतो. पूल, जंगलातले सावलीचे पट्टे आणि नदीकाठ आधी गोठतात. डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान ३-४ अंश दिसत असलं तरी पुलावर काचेसारखा पारदर्शक बर्फ असू शकतो. आणि जमिनीपासूनची उंची लक्षात ठेवा. साधारण १० सेंटीमीटरहून खोल ताजा बर्फ पोटाखाली दाबला जाऊन गाडीला उचलतो, मग चारही टायर छान असूनही ती जागची हलत नाही. बर्फ हटवणाऱ्या गाडीने गल्लीच्या तोंडाशी सोडलेला कडक ढीगही पुढच्या बंपरला पुरेसा होतो. पुढचं टोक उचलायची सोय असेल तर वापरा, नसेल तर रस्ता बदला.

स्टुटगार्ट वाटीत वसलंय, त्यामुळे नॉये वाइनश्टायगंसारखे चढ रोजच्या वाटेत येतात. उल्मकडे जाणाऱ्या ए८ वर श्वेबिश आल्बचा चढ लागला की तापमान आणि रस्ता दोन्ही झपाट्याने बदलतात. खाली पाऊस असेल तर वर बर्फ असणार असं धरूनच निघा.

डोंगरात जाताना

ब्लॅक फॉरेस्टमधला बी५०० चा डोंगरमाथ्यावरचा रस्ता हिवाळ्यातही साफ ठेवतात आणि तो सरावाला चांगला आहे, सकाळी लवकर आणि मधल्या वारी. ग्रोसग्लॉकनर, स्टेल्व्हिओ हे आल्प्समधले प्रसिद्ध घाट मात्र हिवाळाभर बंद असतात. नवखे नेव्हिगेशनवर विसंबतात आणि बंद फाटकापाशी पोचतात. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी परिस्थितीत योग्य टायर लागतातच. निळ्या गोलात साखळीचं चित्र असलेली पाटी दिसली तर चेन लावल्याशिवाय पुढे जायचं नाही, गाडी चारचाकी ताकदीची असली तरीही. ९११ मध्ये टायर आणि आतल्या भागांत जागा फार थोडी असते. चेन बारीक कड्यांची, पोर्शेने तुमच्या मापाला मान्य केलेली आणि मागच्या चाकांसाठी घ्या. लावल्यावर जर्मनीत वेग ५० च्या आत. एकदा घराच्या अंगणात, उजेडात आणि हातमोजे घालून लावून बघा.

टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. ऑटोबान बर्फाने तासन्तास अडकू शकतो. गाडीत एक घोंगडी, पाणी, टॉर्च आणि फोनची पॉवर बँक असू द्या.

मीठ

गंजाची भीती आधुनिक ९११ मध्ये प्रमाणातच बाळगा. पोर्शे सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून जस्ताचा थर दिलेलं पोलाद वापरते. मीठ खातं ते दुसऱ्याच गोष्टी: सस्पेन्शनचे बोल्ट, ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सरचे क्लॅम्प आणि पुढच्या बंपरमागचे एसी कंडेन्सर. या कंडेन्सरची कथा जुनी गाडी घेणाऱ्याने ऐकलीच पाहिजे. पाण्याने थंड होणाऱ्या ९११ मध्ये रेडिएटर पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात आणि त्यांच्यापुढे कंडेन्सर. बंपरच्या तोंडातून शरद ऋतूतली पानं आत जाऊन तिथे साचतात, हिवाळ्यात त्यात मिठाचं पाणी मुरतं, आणि तो ओला लगदा महिनोन्महिने अॅल्युमिनियमला चिकटून राहतो. उन्हाळ्यात एसीचा गॅस गेला की कारण सापडतं. नोव्हेंबरमध्ये पानं पडून संपली की व्हॅक्युमच्या लांब नळीने दोन्ही तोंडं साफ करा. गॅरेजात सर्व्हिस असेल तर बंपर काढून साफ करायला सांगा. ते पैसे वाया जात नाहीत.

धुण्यासाठी शून्याच्या वरचा दिवस निवडा. सेल्फ-सर्व्हिस वॉश बॉक्समध्ये कोमट पाण्याचा फवारा चाकांच्या कमानीत, दारांखाली आणि पोटाखाली भरपूर मारा. वरच्या रंगापेक्षा तिथेच जास्त वेळ द्या. ब्रश वापरू नका, त्यात आधीच्या गाडीची खडी असते. नंतर दाराची रबरं पुसून कोरडी करा. मीठ ओलं आणि उबदार असताना जास्त खातं, त्यामुळे मिठाने माखलेली गाडी तापवलेल्या गॅरेजात ठेवणं सगळ्यांत वाईट. त्यापेक्षा छप्पर असलेली थंड, वारा खेळती जागा बरी. इथे मिठाबरोबर बारीक खडीही टाकतात, आणि ९११ च्या मागच्या फुगीर फेंडरचा पुढचा भाग ती पुढच्या चाकांकडून थेट झेलतो. तिथे आधीच पारदर्शक फिल्म असते. ती फाटली असेल तर ऑक्टोबरातच नवी लावून घ्या.

शिकून घ्या

एडीएसीचे सुरक्षित ड्रायव्हिंगचे वर्ग जर्मनीभर आहेत. तिथे पाणी सोडलेल्या गुळगुळीत पट्ट्यावर स्वतःची गाडी मुद्दाम घसरवून सावरायला शिकवतात. पहिल्या हिवाळ्याआधी हा एक दिवस काढाच. महागड्या एक्झॉस्टपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल. पुढची पायरी म्हणजे गोठलेल्या पृष्ठभागावरचं प्रशिक्षण. पोर्शेचं स्वतःचं फिनलंडमधल्या लेवी इथे आहे, आणि ते स्वस्त नाही. पण वर सांगितलेली ॲक्सिलरेटर सोडण्याची चूक तिथे रिकाम्या बर्फावर करता येते. वजन पुढे जाणं, मागचं टोक हलकं होणं आणि मग गाडी फिरणं, हे तिन्ही टप्पे वेगवेगळे अंगाला कळतात. ते वाचून कळत नाहीत.

उन्हाळी टायर परत घालायची घाई करू नका. मार्चमधली दुपार १५ अंशांची असते आणि सकाळ शून्याची, तुम्ही ऑफिसला सकाळी जाता. आल्प्सकडे जाणारे ईस्टरनंतरही दोन आठवडे थांबतात. चाकं बदलताना आतल्या बाजूने सस्पेन्शन आणि ब्रेकच्या नळ्या बघून घ्या, पोट एकदा नीट धुऊन घ्या, आणि काढलेल्या प्रत्येक टायरवर खडूने त्याची जागा लिहा: पुढचा डावा, मागचा उजवा. ऑक्टोबरात मेकॅनिक तेच विचारतो.